नवा खुबा आणि जुनें घर

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कोणी म्हणेल कीं, शस्त्रक्रियेवर बोलण्याचा अधिकार वैद्याचा. तेथें या शाळामास्तराचें काय काम? शंका रास्त आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि परभणी जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना अक्षरें व पाढे शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक आहें. वैद्यकाचें मला जें थोडेंसें ज्ञान आहे, तें रोग्याच्या खाटेवर पडून मिळविलेलें आहे. गेल्या वर्षीं माझ्या उजव्या पायाचा खुबा बदलण्यांत आला. शस्त्रक्रियेस दीड तास लागला. परंतु तिच्यापूर्वीं दोन महिने आणि तिच्यानंतर तीन महिने आमच्या घरानें जें केलें, त्यावांचून तो दीड तास फुकट गेला असता. सांधा वैद्य बसवितो. तो सांभाळतें तें घर. एवढी एकच गोष्ट मला आज सांगावयाची आहे.

खुबा या शब्दाची आमच्या घरांत फार दिवस धास्ती होती. १९८३ सालच्या पावसाळ्यांत माझी आई अंगणांतील शेवाळावरून घसरून पडली, आणि तिच्या मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें. मोठें रुग्णालय दूर, जवळ पैसा नाहीं, आणि 'या वयांत चिरफाड कशाला' असें सांगणारीं माणसें पुष्कळ. तिच्या पायाला विटांचें वजन लावून तिला खाटेवर निजविलें. ती पुन्हा उठली नाहीं. पाठीला जखमा झाल्या, छातींत कफ सांचला, आणि चौथ्या महिन्यांत ती गेली. तेव्हांपासून 'खुबा गेला म्हणजे माणूस गेलें' हें आमच्या घरांतील सूत्रच होऊन बसलें. माझा स्वतःचा खुबा दुखूं लागला तेव्हां मीं तें दुखणें तीन वर्षें लपविलें, त्याचें कारण हेंच. गुडघ्यांत कळ येते, वाताचा विकार आहे, असें सांगून मी वेळ मारून नेई.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. खुब्याचें दुखणें बहुधा जांघेंत जाणवतें, आणि पुष्कळदां तें मांडींतून उतरून गुडघ्यांतच बोलूं लागतें. त्यामुळें रोगी गुडघ्याला तेल चोळीत बसतो आणि खरा चोर वर निवांत राहतो. पायमोजा घालतांना, पायाचीं नखें काढतांना किंवा वाहनांत चढतांना जांघेंत कळ येत असेल, तर वैद्याला खुबा दाखवावा. एका साध्या क्ष-किरण चित्रानें पुष्कळसा उलगडा होतो.

आतां हा सांधा कसा असतो तें पाहूं. शाळेच्या पुस्तकांत आपण ज्याला उखळीचा सांधा म्हणून ओळखतों तोच हा. कमरेच्या हाडांत एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो. गोळा वाटींत फिरतो म्हणून पाय सर्व दिशांना हलतो. दोहोंवर कूर्चेचें गुळगुळीत अस्तर असतें. वय, वाढलेलें वजन, जुनी दुखापत किंवा संधिवात यांमुळें हें अस्तर झिजलें म्हणजे हाडावर हाड घासूं लागतें. दुसरा एक प्रकार आपल्या देशांत बराच आढळतो, आणि तो तरुणांनाही सोडीत नाहीं. त्यांत गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, व गोळा आंतल्या आंत मरून ढासळतो. स्टेरॉईड जातीच्या औषधांचा अतिरेक आणि मद्यपान हीं त्याचीं ठळक कारणें होत. कोरोनाच्या साथींतून उठलेल्या कांहीं रोग्यांना हा विकार जडल्याची हकीकत मुंबईंत माहीम येथील हिंदुजा रुग्णालयांतील शल्यवैद्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केली होती. सांधेदुखीवर रामबाण म्हणून बाजारांत विकल्या जाणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांतही कित्येकदां हेंच औषध मिसळलेलें असतें. तेव्हां त्यांपासून दूर राहावें.

शस्त्रक्रियेंत खराब झालेला गोळा कापून काढतात. जुनी वाटी आंतून घासून तींत धातूची नवी वाटी बसवितात. मांडीच्या हाडाच्या पोकळींत धातूचा दांडा घालून त्याच्या टोकावर धातूचा किंवा चिनी मातीच्या जातीच्या अतिकठीण पदार्थाचा गोळा बसवितात. दोहोंमध्यें बहुधा एका विशेष टिकाऊ प्लास्टिकचें अस्तर असतें. कांहीं रोग्यांत हे भाग हाडाला एका प्रकारच्या सिमेंटनें चिकटवितात. कांहींत हाडच हळूहळू धातूला धरून वाढतें.

हें साधण्यास सत्तर वर्षें लागलीं. १८९० च्या सुमारास बर्लिनच्या ग्लुक यांनीं हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. १९३८ सालीं लंडनमध्यें फिलिप वाइल्स यांनीं पोलादी खुबा बसविला. परंतु खरें यश आलें तें इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्नली यांना. त्यांनीं प्रथम टेफ्लॉन नांवाच्या पदार्थाची वाटी वापरली. सुमारें तीनशें रोग्यांना ती बसविल्यावर ती झपाट्यानें झिजते असें दिसून आलें. चार्नलींनीं आपली चूक झांकली नाहीं. नव्या पदार्थाचे तुकडे स्वतःच्या मांडींत पुरून त्यांनीं शरीर तो सहन करतें कीं नाहीं याची परीक्षा पाहिली, आणि नोव्हेंबर १९६२ मध्यें पॉलिएथिलीनची वाटी बसविली. आजचे बहुतेक खुबे त्याच वंशांतले आहेत. आपल्या देशांत सांधे बदलतां येतात ही गोष्ट घरोघरीं पोंचली ती पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळें; २००० आणि २००१ सालीं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत त्यांचे दोन्ही गुडघे डॉ. चित्तरंजन राणावत यांनीं बदलले. नवा सांधा किती दिवस टिकतो, असें सर्वजण विचारतात. २०१९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या पाहणीप्रमाणें शंभरांपैकीं सुमारें ५८ खुबे २५ वर्षें टिकतात.

असो. इतिहास बाजूस ठेवून तयारीकडे वळूं.

पहिली तयारी शरीराची. नव्या सांध्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग. धातूवर जंतूंनीं एकदां घर केलें कीं त्यांना हुसकणें महाकठीण, आणि कधीं कधीं बसविलेला सांधा काढावाही लागतो. म्हणून किडलेला दांत, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांतील चिखल्या, अंगावरील गळूं, या सर्वांचा निकाल आधीं लावावा. मधुमेह असेल तर साखर ताब्यांत आणावी. रक्त कमी असेल तर तें वाढवावें. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास तें वैद्याला आठवणीनें सांगावें. आपल्या मनानें तीं बंद करूं नयेत आणि चालूही ठेवूं नयेत. बिडी आणि तंबाखूचा बटवा कांहीं आठवडे आधींच दूर करावा, कारण धूर आणि तंबाखू यांनीं जखम भरण्यास विलंब लागतो. शस्त्रक्रियेच्या जागेवर घरीं वस्तरा फिरवूं नये. त्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात.

याच दिवसांत मांडीचे व कुल्ल्याचे स्नायू घट्ट करण्याचे व्यायाम शिकून घ्यावे, आणि वॉकर घेऊन चालण्याचा सराव करावा. मीं तीन वर्षें दुखणें लपविलें त्याचा दंड मला येथें भरावा लागला. न वापरलेली मांडी वाळून गेली होती. माझ्याच दिवशीं शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ दीड महिन्यांत काठीवर आले. मला त्याकरितां अडीच महिने लागले. सांधा दोघांचाही नवाच होता. फरक स्नायूंचा होता.

दुसरी तयारी घराची. आणि हाच माझ्या भाषणाचा गाभा आहे. आपलें घर जमिनीवर जगतें. आपण पाटावर जेवतों, सतरंजीवर गप्पा मारतों, मोरीपाशीं उकिडवे बसतों, देवापुढें मांडी घालतों, उन्हाळ्यांत गार फरशीवर आडवे होतों. नव्या खुब्याला पहिले कांहीं आठवडे नेमकें हेंच वर्ज्य असतें. शस्त्रक्रिया मागच्या बाजूनें केलेली असल्यास साधारणतः सहा ते बारा आठवडे तीन नियम पाळावे लागतात. पहिला, खुबा काटकोनापेक्षां जास्त वाकवूं नये. दुसरा, पायावर पाय टाकूं नये. तिसरा, पाय आंतल्या बाजूला वळवूं नये. नियम मोडला तर गोळा वाटींतून निसटूं शकतो. पुढच्या बाजूनें केलेल्या शस्त्रक्रियेंत बंधनें कमी असतात. म्हणून आपली शस्त्रक्रिया कोणत्या बाजूनें होणार आणि आपल्याला कोणते नियम लागू, तें वैद्याला आधींच विचारून कागदावर लिहून घ्यावें.

आमच्या घरीं हें काम सौभाग्यवतीनें आणि सूनबाईनें हातीं घेतलें. दोघींनीं एके दिवशीं मला खुर्चीवर बसविलें, दोरीनें माझ्या गुडघ्याची उंची मोजली, आणि ती दोरी घेऊन त्या घरभर फिरल्या. बसण्याची प्रत्येक जागा त्या उंचीहून थोडी वर हवी, असा त्यांचा हिशेब. खोल जाणारी जुनी बाज माडीवर गेली आणि तिच्या जागीं घट्ट गादीची खाट आली. तिच्या पायांखालीं विटा घातल्या. हातांची एक मजबूत खुर्ची ठरली. शौचालयांत उंच कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरावयास दांडी बसविली. न्हाणीघरांत स्टूल आलें. वाटेंतील चटया, पायपुसणीं आणि विजेच्या तारा उचलल्या. उंबरठ्याला रंगाचा पट्टा दिला. पाण्याचा माठ, औषधें, चष्मा, पुस्तकें, सारें कमरेच्या उंचीवर आणलें. आठ दिवसांत घर जमिनीवरून वर उचललें गेलें म्हणा ना! खर्च म्हणाल तर कमोडच्या खुर्चीचा आणि दांडीचा. बाकी सर्व घरांतलेंच होतें.

तिसरी तयारी पैशाची व कागदांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीं कोणत्या रुग्णालयांत कोणती शस्त्रक्रिया होते, हें तेथील आरोग्यमित्र सांगतो. त्याला शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन आधींच भेटावें. आपल्या जिल्ह्यांत परभणीस २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे, आणि नांदेडचें डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय जुनें आहे. तेथें चौकशी करावी. आणखी एक कागद सोन्यासारखा जपावा. बसविलेल्या सांध्याचें नांव व क्रमांक असलेली चिठ्ठी रुग्णालयाकडून मागून घ्यावी. २०१० सालीं धातूवर धातू घासणाऱ्या एका जातीचे खुबे त्यांच्या उत्पादकानें जगभरांतून परत मागविले. भारतांतही ते हजारों रोग्यांना बसविलेले होते. आपल्या अंगांत कोणता सांधा आहे हें ठाऊक असल्यावांचून अशा वेळीं तपासणी करून घेणें किंवा भरपाई मागणें दुरापास्त होतें.

शस्त्रक्रियेच्या दिवसाचें वर्णन मी करीत नाहीं. पाठीच्या कण्यांत सुई दिली आणि कमरेखालचें अंग बधिर झालें, एवढेंच मला सांगतां येईल. दुसऱ्या दिवशीं सकाळीं व्यायामोपचार शिकविणाऱ्या बाईंनीं मला वॉकर देऊन उभें केलें, तेव्हां मात्र डोळ्यांत पाणी आलें. आई जेथून उठली नाहीं तेथून मी दुसऱ्याच दिवशीं उठलों होतों.

घरीं आल्यावरचे नियम थोडे आहेत, पण ते रोजचे आहेत. घोटे वरखालीं हलविण्याचा व्यायाम दिवसांतून पुष्कळदां करावा. त्यानें पोटरींत रक्त गोठण्याची भीति कमी होते. रक्त गोठूं नये म्हणून दिलेलीं औषधें सांगितलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा महिनाभर, घ्यावीं. निजतांना दोन पायांमध्यें उशी ठेवावी. जिना चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना शस्त्रक्रियेचा पाय आधीं. काठी नेहमीं विरुद्ध बाजूच्या हातांत. मोटारींत प्रथम पाठ टेकून बसावें, मग दोन्ही पाय एकदम आंत घ्यावे. नांदेडहून परभणीस येतांना आम्ही वाटेंत थांबून दोनदां पाय मोकळे केले. टांके साधारण दोन आठवड्यांनीं निघतात. तोंवर जखम कोरडी ठेवावी. हळद, तेल किंवा लेप लावूं नये, आणि कितीही प्रेमळ नातलगानें आणला तरी हाडवैद्याला पायाला हात लावूं देऊं नये.

चार लक्षणें दिसतांच वेळ न घालवितां रुग्णालय गांठावें: पोटरी सुजून दुखूं लागणें, एकाएकीं दम लागून छातींत कळ येणें, जखमेंतून पाणी किंवा पू येणें व ताप चढणें, आणि पडल्यावर किंवा वाकल्यावर खुब्यांत असह्य वेदना होऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणें.

या शेवटच्या लक्षणाच्या मी अगदीं दारापर्यंत जाऊन आलों. एकविसावा दिवस होता. घरीं मी एकटाच खुर्चीवर बसून नातीची वही तपाशीत होतों. लेखणी हातांतून निसटून पायापाशीं पडली. जन्मभर वर्गांत पडलेला खडू वाकून उचललेला. देह आपोआप पुढें झुकला. खुब्यांत एक विलक्षण ताण जाणवला आणि मी जागच्या जागीं थांबलों. हळूहळू मागें टेकलों. छाती धडधडत होती. नात शाळेंतून येईपर्यंत दोन तास ती लेखणी जमिनीवर पडून होती आणि मी तिच्याकडे पाहत होतों. हाताच्या अंतरावरील वस्तु आपली नव्हे, हा अनुभव मला नवा होता. मग एकाएकीं आईची आठवण झाली. तिच्या खाटेखालीं पाण्याचा तांब्या ठेवलेला असे. तो आम्हांला सोयीचा होता. तिला तो लागत नसे. प्रत्येक घोटासाठीं तिला हांक मारावी लागे, आणि पुढें पुढें ती हांक मारीनाशी झाली होती. शस्त्रक्रियेला आमच्याजवळ पैसा नव्हता हें खरें. पण तो तांब्या खाटेच्या उशाशीं, तिच्या हाताजवळ ठेवण्यास पैसा लागत नव्हता. हें मला चाळीस वर्षांनंतर कळलें. दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं लांब दांड्याचा एक चिमटा आणून दिला. तो आजही माझ्या खुर्चीला टांगलेला आहे.

आईच्या गोष्टीला जोडून आणखी एक सांगतों. वृद्ध माणूस पडून खुब्यापाशीं हाड मोडलें, तर 'आतां वय झालें' म्हणून त्याला खाटेवर टाकूं नये. प्रकृति साथ देत असेल तर शक्यतों दोन दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया करून त्याला उठवावें, असें आजचें शास्त्र सांगतें. मारतो तो मोडलेला खुबा नव्हे. मारतें तें खाटेवर पडून राहणें.

आज मी काठीवांचून बाजारांत जातों, रोज सकाळीं कृषि विद्यापीठाच्या बाजूला फिरून येतों. रात्रीं वेदनेवांचून झोंप लागते, हें सुख तीन वर्षांनीं मिळालें. परंतु सर्व कांहीं परत मिळालें असें म्हणणें खोटें होईल. पंगतींत पाटावर बसणें मीं सोडलें आहे. वैद्यांनीं सावकाश मांडी घालण्याची मोकळीक कांहींजणांना दिलेली असते. मला ती दिलेली नाहीं. पूजा मी खुर्चीवर बसून करतों. शेजारचे एक मुसलमान गृहस्थ, तेही माझ्यासारखेच निवृत्त शिक्षक, खुर्चीवर बसून नमाज पढतात. आम्ही दोघे कधीं कधीं हंसून म्हणतों कीं, परमेश्वरानें आमची उंची तपासली नाहीं. लग्नाच्या पंगतींत टेबल मागतांना पहिल्यांदा लाज वाटली. आतां वाटत नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरांत कोणी जांघेवर हात ठेवून उठत असेल, जिना टाळीत असेल, 'कांहीं नाहीं, वात आहे' असें म्हणत असेल, तर त्याच्याकडे जरा निरखून पाहा. त्याला वैद्याकडे न्या. आणि शस्त्रक्रिया ठरली तर आधीं एक दोरी घ्या, त्याच्या गुडघ्याची उंची मोजा, आणि ती दोरी घेऊन आपल्या घरांतून एक फेरी मारा. त्याचा तांब्या त्याच्या हाताला लागतो कीं नाहीं, तेंही पाहून घ्या.